वेशीवरचं गाव

उत्तर लंडनमधल्या हायगेटच्या हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडला की नगरपालिका बदलते. एका बाजूच्या दुकानांचा कचरा कॅमडेनवाले उचलतात, समोरच्या बाजूचा हॅरिंगेवाले, आणि टेकडी उतरायला लागलं की थोड्याच अंतरावर इस्लिंग्टनची हद्द लागते. १९६५ साली लंडनचे आजचे बरो, म्हणजे नगरपालिकांचे विभाग, झाले तेव्हा कुणीतरी नकाशावर घाईत रेघ ओढली आणि गाव कापलं गेलं, असं कुणालाही वाटेल. पण ती रेघ फार जुनी आहे. हॉर्न्सी आणि सेंट पँक्रस या दोन पॅरिशांची, म्हणजे चर्चनुसार पाडलेल्या जुन्या विभागांची, शीव शेकडो वर्षं इथूनच जात होती. लोक ज्याला आजही ‘व्हिलेज’ म्हणतात, बसच्या थांब्यावरही ज्याचं नाव ‘हायगेट व्हिलेज’ असंच आहे, ते गाव शतकानुशतकं कुठल्याच दप्तरात एकसंध नव्हतं. जे होतं ते दोन पॅरिशांच्या कडा, एक रस्ता आणि एक फाटक.

मी टेकडीच्या पायथ्याशी, आर्चवेला राहते. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांच्याकडे इथला एक पत्ता तयार असतो: ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू. इंडिया हाउस. सावरकर राहिले ते घर. फलकाखाली फोटो होतो, दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहतात आणि मग ब्रिटिश म्युझियम गाठायची घाई सुरू होते. मला मात्र त्यांना आणखी वर, माथ्यापर्यंत न्यायचं असतं. ते घर या टेकडीपासून सुटं काढून पाहिलं तर अर्धंच कळतं, असं मला इथे राहून ठामपणे वाटायला लागलं आहे.

मध्ययुगात हा सगळा परिसर लंडनच्या बिशपचं शिकारीचं रान होतं. लंडनहून उत्तरेला जाणारी जुनी वाट टेकडी टाळून पूर्वेच्या अंगाने जायची आणि पावसाळी दिवसांत तिथल्या चिखलात गाड्या रुतून बसायच्या. चौदाव्या शतकात बिशपने आपल्या रानातून, थेट माथ्यावरून रस्ता जाऊ दिला आणि माथ्यावर फाटक बसवून टोल घ्यायला सुरुवात केली. गावाला नाव त्या फाटकामुळे मिळालं असं मानतात. फाटकाच्या जागी आज ‘द गेटहाउस’ नावाचा पब आहे. रस्त्याची डागडुजी करायला माथ्यावर एक एकांतवासी साधू राहायचा. त्याने तिथली खडी उपसून इस्लिंग्टनकडे उतरणारा रस्ता भरून काढला आणि उपशाच्या खड्ड्यांत पाणी साठून गावाला तळी मिळाली, अशी कथा आहे. तळी एकोणिसाव्या शतकात बुजवली गेली. तिथला चौक अजून पाँड स्क्वेअर म्हणूनच ओळखला जातो.

रस्ता आला तसे खानावळवाले आणि पबवाले आले. उत्तरेतून स्मिथफील्डच्या बाजाराला निघालेले गुराखी लंडनमध्ये उतरण्याआधी इथे थांबायचे. त्यांच्यापासून सुरू झाली म्हणतात अशी एक प्रथा इथल्या पबमध्ये दीर्घकाळ टिकली. नवख्या माणसाने काठीवर बसवलेल्या शिंगांवर हात ठेवून शपथ घ्यायची: कडक बिअर मिळत असताना पातळ पिणार नाही, मालकीणबाई असताना मोलकरणीचा मुका घेणार नाही, आणि अशाच काही गोष्टी. शपथ घेतली की तो हायगेटचा झाला. मला ही प्रथा फार आवडते. ज्या गावाला स्वतःची पॅरिश नव्हती, त्याने स्वतःचं नागरिकत्व द्यायची रीत पबमध्ये शोधून काढली.

माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३० मीटर. सह्याद्रीच्या माणसाला हे सांगताना संकोच वाटावा. पण लंडनमध्ये ही उंची फार मोठी आहे आणि पायथ्यापासून चढ इतका उभा आहे की माल लादलेल्या गाडीला तो शिक्षाच होता. गावाचा पुढचा सगळा इतिहास त्या चढाने ठरवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेकडीच्या पूर्वेकडून बोगदा काढायचं ठरलं. काम बरंच पुढे गेलेलं असताना एप्रिल १८१२ मध्ये तो ढासळला. मग बोगद्याचा नाद सोडून टेकडीत खोल चर खणला आणि वरून जाणाऱ्या हॉर्न्सी लेनसाठी वास्तुविशारद जॉन नॅशने उंच कमानीचा पूल बांधला. १८१३ मध्ये हा आर्चवे रोड खुला झाला. आजचा लोखंडी पूल त्याच जागी १९०० साली आला. माझ्या वस्तीचं नाव त्या कमानीचं आहे.

त्या दिवसापासून उत्तरेची वाहतूक गावाच्या बाजूने जाऊ लागली, गावातून नाही. पुढे हेच पुन्हा पुन्हा घडलं. १८६७ मध्ये आगगाडी आली, तिचं स्टेशन टेकडीच्या कुशीत, दोन बोगद्यांच्या मधल्या खोल खाचेत. १९०७ मध्ये भुयारी रेल्वे आली आणि शेवटच्या स्थानकाला ‘हायगेट’ नाव दिलं गेलं, पण ते होतं पार पायथ्याशी. तेच आजचं आर्चवे. खरं हायगेट स्थानक जमिनीखाली खोलवर १९४१ साली उघडलं, युद्ध चालू असताना. त्याच्या फलाटांवर लोक बाँबहल्ल्यांपासून आसरा घ्यायचे. अमेरिकेत पुढे टीव्हीवर गाजलेला जेरी स्प्रिंगर १९४४ मध्ये याच स्थानकात जन्मला. तेही स्थानक गावापासून बऱ्यापैकी खाली आहे, वर यायला चढावंच लागतं. माथ्यापर्यंत थेट पोचली ती ट्राम. १८८४ मध्ये जमिनीखालून फिरणाऱ्या दोराने खेचली जाणारी ट्राम इथे सुरू झाली, अशी युरोपातली ती पहिली. आता ते काम २१० नंबरची बस करते.

नदीतल्या खडकाला वळसा घालून पाणी जावं तशी प्रत्येक शतकाची वाहतूक हायगेटला वळसा घालून गेली. लंडनने गिळलेल्या इतर खेड्यांत रस्ता रुंद झाला, स्टेशन बाजारपेठेच्या मधोमध आलं, जुनी घरं पाडून दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. इथे हाय स्ट्रीटवर अजून अठराव्या शतकातली विटांची घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, कारण ती पाडण्याची निकड कुणालाच नव्हती. आणि जेव्हा निकड निर्माण झाली तेव्हा लोक भांडले. १९६६ मध्ये अवजड ट्रक गावातून वळवायची योजना पुढे आली तेव्हा तिच्याविरुद्ध हायगेट सोसायटी स्थापन झाली, ती आजही काम करते आहे.

हे सांगताना मला एक गोष्ट लपवायची नाही. ट्रक कुठून तरी जायचेच. ते गेले खालून, आर्चवे रोडने, म्हणजे ए-वन महामार्गाने, आणि त्याचा धूर खालच्या घरांनी सोसला. तो रस्ता रुंद करायच्या योजनेला सत्तरच्या दशकापासून रहिवाशांनी इतका कडवा विरोध केला की चौकशीच्या सुनावण्या उधळल्या गेल्या आणि शेवटी सरकारने नाद सोडला. तोवर कित्येक वर्षं रस्त्याकाठची घरं आज पडतील की उद्या या टांगणीवर होती. वरच्या गावाच्या देखणेपणाबद्दल बोलताना खालच्या लोकांच्या या लढ्याचा उल्लेख सहसा होत नाही. व्हायला हवा.

आता या वेशीवर कोण कोण येऊन राहिलं ते पाहू. मला हायगेटचं वैशिष्ट्य इमारतींपेक्षा त्यात दिसतं. लंडनच्या हाताला लागायचं नाही, पण लंडन नजरेच्या टप्प्यात हवं, अशी गरज असलेल्या माणसांसाठी ही टेकडी नेमक्या अंतरावर होती.

चढावर क्रॉमवेल हाउस नावाचं लाल विटांचं भारदस्त घर आहे. १६३८ च्या सुमाराचं. नाव क्रॉमवेलचं असलं तरी तो इथे राहिल्याचा पुरावा नाही. त्यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच आहे. १२९० मध्ये इंग्लंडने ज्यूंना देशाबाहेर काढलं. सतराव्या शतकात ते परत येऊ लागले, आणि १६७५ मध्ये हे घर दा कोस्टा या ज्यू कुटुंबाने विकत घेतलं. हकालपट्टीनंतर इंग्लंडमध्ये ज्यू कुटुंबाच्या मालकीचं झालेलं हे पहिलं घर मानतात. शहरात नाही, वेशीवर. पुढे तिथे लहान मुलांचं आजारानंतर विश्रांतीचं रुग्णालय होतं, आणि त्यानंतर त्यात घानाच्या उच्चायुक्तालयाचं कार्यालय आलं.

समोरच्या बाजूला लॉडरडेल हाउस, १५८२ चं. त्याच्या मागचं विस्तीर्ण उद्यान सर सिडनी वॉटरलो यांनी १८८९ मध्ये लंडनच्या लोकांना देऊन टाकलं. ज्यांना बाग नाही त्यांच्यासाठी ही बाग, अशी त्यांची भावना होती. वन-बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारी मी उन्हाळ्यात तिथल्या उतारावर बसते तेव्हा त्यांचे मनापासून आभार मानते. त्याआधी तीनच वर्षं, १८८६ मध्ये, बिशपच्या जुन्या रानाचा एक तुकडा लंडनच्या सिटी कॉर्पोरेशनला मिळाला आणि सर्वांना खुला झाला. तेच हायगेट वुड. सत्तर एकर ओक आणि हॉर्नबीम, आणि जमिनीखाली रोमन काळातल्या कुंभारांच्या भट्ट्या. फ्रान्सिस बेकन १६२६ मध्ये हायगेटलाच, एका सरदाराच्या घरी वारला. बर्फाने मांस टिकतं का हे पाहायला कोंबडीत बर्फ भरताना त्याला थंडी बाधली, असं म्हणतात.

पण माझं मन रमतं ते कोलरिजपाशी. १८१६ च्या एप्रिलमध्ये हा कवी जेम्स गिलमन नावाच्या डॉक्टरच्या दारात आला. वय ४३, संसार मोडलेला, अफूच्या व्यसनाने पोखरलेला. थोडे दिवस राहून व्यसन आटोक्यात आणायचं असा बेत होता. तो राहिला अठरा वर्षं, १८३४ मध्ये मरेपर्यंत. गिलमन दांपत्याने त्याला घरातला माणूस मानलं, घर बदललं तेव्हा सोबत नेलं. व्यसन पुरतं सुटलं नाहीच, गावातल्या औषधविक्याकडून तो गुपचूप अफू आणायचा. पण त्याची मात्रा बांधली गेली, तो जगला, आणि ‘द ग्रोव्ह’मधल्या त्या घरी त्याचं बोलणं ऐकायला लंडनहून तरुण लेखक चढ चढून येऊ लागले. १८१९ मध्ये जवळच्या गल्लीत त्याला तरुण कवी कीट्स भेटला, दोघे गप्पा मारत दोनेक मैल चालले. वैद्यकाच्या इतिहासात गिलमनचं नाव कुठे असेल नसेल, पण एका मोडलेल्या माणसाला अठरा वर्षं सांभाळणं ही मला त्या गावातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. कोलरिजची समाधी आता सेंट मायकेल चर्चमध्ये आहे. १८३२ चं हे चर्च म्हणजे हायगेटचं पहिलं स्वतःचं पॅरिश चर्च.

चर्चच्या खालच्या उतारावर १८३९ मध्ये स्मशानभूमी झाली. लंडनमधली जुनी चर्चची आवारं इतकी भरली होती की प्रेतं वर यायची, रोगराई पसरायची. म्हणून शहराच्या कडेला खासगी कंपन्यांनी मोठ्या स्मशानभूमी काढल्या. हायगेटची त्यांतली सर्वांत देखणी. लवकरच ती इतकी पसंत पडली की रस्त्यापलीकडे दुसरा भाग घ्यावा लागला. पश्चिम भागात मायकेल फॅरडे आहे, एका छोट्या ख्रिस्ती पंथाचा अनुयायी म्हणून मुख्य भूमीपासून वेगळ्या कोपऱ्यात. पूर्व भागात कादंबरीकार जॉर्ज एलियट आणि १८८३ मध्ये मोजक्या माणसांनी पुरलेला कार्ल मार्क्स. त्याचं भव्य डोकं असलेलं स्मारक १९५६ चं. त्याच्याभोवती जगभरच्या निर्वासितांनी आणि बंडखोरांनी आपल्या जागा मागून घेतल्या आहेत: त्रिनिदादच्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाशी लढलेले भारतीय वंशाचे डॉ. युसुफ दादू. देशाबाहेर मेलेल्या माणसांचं हे केवढं मोठं गाव!

रेल्वेने शेवटी टेकडीचे उतार भरून काढले. माथा तसाच राहिला आणि खाली रांगेने व्हिक्टोरियन घरं उगवली. हायगेट हिल आणि आर्चवे रोड यांच्या मधल्या उतारावरची क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू ही तशीच एक गल्ली. तीनमजली, लाल विटांची, पुढे आलेल्या खिडक्यांची घरं, मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी बांधलेली. गावाचं उपनगर झालं म्हणजे काय झालं ते पाहायचं असेल तर हीच गल्ली पाहावी.

त्यातलं ६५ नंबरचं घर श्यामजी कृष्णवर्मा यांनी घेतलं. कच्छमधल्या मांडवीचा हा संस्कृत पंडित आणि बॅरिस्टर तेव्हा हायगेटमध्येच राहत होता. लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना खोली मिळणं अवघड, मिळाली तर अपमान सोसून राहायचं. त्यांच्यासाठी पंचवीसएक जणांचं वसतिगृह म्हणून १ जुलै १९०५ रोजी इंडिया हाउस सुरू झालं. उद्घाटन केलं हेन्री हाइंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने, दादाभाई नौरोजी आणि मादाम कामा हजर होत्या. १९०६ मध्ये टिळकांच्या शिफारशीने, शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन सावरकर आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या कामासाठी लंडनला आलेले गांधीही इथे येऊन गेले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, याच वर्तुळातले. सावरकरांचा १८५७ वरचा मराठी ग्रंथ इथल्या वास्तव्यात लिहिला गेला. एका उपनगरी घराच्या जेवणघरात हिंदुस्थानचं राज्य उलथवायचे बेत चालले होते आणि शेजारी आपापल्या गुलाबांना पाणी घालत होते, हे चित्र मी अनेकदा मनात रंगवते. गुप्तचर मात्र होतेच, घरातही आणि रस्त्यावरही.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. १७ ऑगस्टला त्यांना पेंटनविल तुरुंगात फाशी दिलं गेलं. तो तुरुंग या टेकडीवरून दक्षिणेला उतरत गेलं की लागतो. इंडिया हाउस त्याच काळात बंद पडलं, मार्च १९१० मध्ये सावरकरांना अटक झाली. जेमतेम चार-पाच वर्षांचा हा इतिहास. घरावर सावरकरांना भारतीय देशभक्त आणि तत्त्वचिंतक म्हणणारा निळा फलक १९८५ मध्ये लागला. आत साधी माणसं राहतात. पाहुण्यांना मी नेहमी सांगते, घंटी वाजवायची नाही, समोरच्या फुटपाथवरून बघायचं. गंमत वाटावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे हे घर आता कच्छमध्येही आहे. श्यामजींच्या अस्थी २००३ मध्ये जिनिव्हाहून भारतात आल्या आणि मांडवीजवळ त्यांचं स्मारक झालं. त्यात याच लाल विटांच्या घराची प्रतिकृती उभी केली आहे, कच्छच्या उन्हात.

सावरकरांबद्दल आपल्यात टोकाची मतं आहेत आणि माझीही काही आहेत. पण त्या फुटपाथवर उभी राहिले की मला आधी दिसतात वीस-बावीस वर्षांची, घरापासून हजारो मैलांवर आलेली मुलं, ज्यांना शहरात कुणी धड खोली देत नव्हतं. दा कोस्टा कुटुंब, कोलरिज, ही मुलं: टेकडीने त्यांना बोलावलं असं मी म्हणणार नाही. तिने त्यांना राहू दिलं. आज इथल्या घरांच्या किमती पाहिल्या तर त्यांच्यापैकी एकालाही इथे पाय टेकता आला नसता. या गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं, कारण विटा जपल्या गेल्या आणि ज्यांच्यामुळे त्या विटांना अर्थ आला त्यांना जागा उरली नाही.

फलक पाहून झाल्यावर मार्क्सच्या समाधीलाही जाणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं. तिथे फोटो काढून झाला की मागे वळा. वाटेच्या पलीकडे इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचं साधं थडगं आहे. एकेकाळी आगरकरांच्या पिढीने ज्याला मन लावून वाचलं तो हा स्पेन्सर. श्यामजी त्याचे निस्सीम भक्त. डिसेंबर १९०३ मध्ये गोल्डर्स ग्रीनला त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा श्यामजी तिथे होते, आणि त्याच्या नावाने ऑक्सफर्डमध्ये व्याख्यानमाला सुरू करायला त्यांनी तिथल्या तिथे हजार पौंड जाहीर केले. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मासिक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर आक्रमणाचा प्रतिकार करणं हे कर्तव्यच आहे या अर्थाचं स्पेन्सरचं वचन छापलं. त्याच वर्षी इंडिया हाउस उघडलं. स्पेन्सरपाशी फारसं कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा, आणि मग वॉटरलो पार्कच्या दारातून वर चढून, लॉडरडेल हाउसपाशी बाहेर पडून क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूकडे उतरा. चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे.